मदत हवी आहे: लेअरच्या (अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या) खाद्यातली सोया पेंड कमी करायची आहे, पण सरकी पेंडीने अंडी बिघडली

नमस्कार मंडळी,

तुळजापूरजवळ आमचं छोटं शेड आहे. ४५० आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीच्या कोंबड्या, वय ३८ आठवडे. अंडी सोलापुरात घरोघरी देतो. खाद्य मी घरीच भरडते. शंभर किलोत मका ५५, सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) २२, राईस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) ११, शिंपला ९, उरलेल्या तीन किलोत डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), मीठ, मिनरल मिक्श्चर आणि मेथिओनिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक). रोज साधारण ५० किलो खाद्य लागतं, म्हणजे ११ किलो सोया पेंड.

सध्या पेंडीचे भाव आवाक्यात आहेत, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. २०२१ चा पावसाळा मी विसरलेले नाही. ऑगस्टमध्ये पेंड किलोला शंभरीला टेकली होती, शेवटी केंद्र सरकारला १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या बियाण्याची) सोया पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. पण तोवर आम्ही निम्म्या कोंबड्या विकून मोकळे झालो होतो. पुन्हा तशी वेळ आली तर दुसरी वाट हाताशी असावी, म्हणून आत्ताच प्रयोग सुरू केले.

पहिलाच प्रयोग अंगाशी आला. गोठ्यात सरकी पेंड असतेच. म्हशीला चालते तर कोंबडीला का नाही, असं वाटून २२ पैकी ११ किलो सोया काढली आणि तेवढीच सरकी घातली. आठ-दहा दिवस काही जाणवलं नाही. मग अंड्यांचा टक्का (शंभर कोंबड्यांमागे रोजची अंडी) ७४ वरून ६१ वर आला, अंडी लहान पडू लागली, कोंबड्या एकमेकींच्या शेपटीची पिसं उपटू लागल्या.

त्यातच एका ताईंनी फोटो पाठवला. बलक शेवाळी रंगाचा, कडेला काळपट हिरवे डाग. मी त्या दिवशीची ताजी अंडी फोडून पाहिली, बलक पिवळाधमक. मग फडताळातली आठवड्यापूर्वीची चार अंडी फोडली. तीन तशीच शेवाळी निघाली, एकाच्या पांढऱ्यात गुलाबी झाक. वास नाही, सडलेलं काही नाही. घरोघरी फोन करून अंडी परत आणली, पैसे दिले. लोक लहान मुलांना आमची अंडी विश्वासाने खायला घालतात. त्या घरात असं अंडं गेलं, हे मनाला फार लागलंय. सरकी त्याच दिवशी बंद केली. आज टक्का ६९ आहे.

अझोलाचेही (पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) दोन वाफे आहेत. रोज तीन-चार किलो निघतो, कोंबड्या त्यावर तुटून पडतात. पण ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. एक किलो सोया पेंडीतली प्रथिनं भरून काढायला ३०-३५ किलो अझोला लागेल. तो हिरवा चारा म्हणून उत्तम, पेंडीच्या जागी नाही, हे मला कळून चुकलंय.

आता विचारायचंय ते असं. सोया २२ वरून १५-१६ वर आणायची असेल तर जागा कशाने भरायची? डिस्टिलरीतून येणारी डीडीजीएस (धान्यापासून अल्कोहोल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा) कोणी लेअरला वापरलीय का? आणि सासूबाई म्हणतात, घरचं सोयाबीन हमीभावाच्या खाली विकतो, तेच भाजून का घालू नये? कच्चं चालत नाही एवढं माहीत आहे, पण भाजून?

प्रतिसाद १

ताई, मी बाराशे पक्ष्यांना दोन वर्षं तांदळाची डीडीजीएस देतोय, शंभरात पाच-सहा किलो. इथेनॉलचे कारखाने वाढल्यापासून माल भरपूर आहे. प्रथिनं चाळीसच्या वर सांगतात, पण पोत्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. लॅब नायट्रोजन मोजून प्रथिनं काढते, त्यामुळे कोणी युरिया मिसळला तरी आकडा वाढलेलाच दिसतो. युरिया आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) दोन्ही तपासून घ्या. धान्यातली बुरशीची विषं स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या मालात जवळपास तिप्पट दाट होतात. रंगही बघा. फिकट सोनेरी माल चांगला, कॉफीसारखा काळपट म्हणजे वाळवताना करपलेला, त्यातलं लायसिन (प्रथिनांतला आणखी एक गरजेचा घटक) गेलेलं असतं. मी एकदा स्वस्त म्हणून तसा माल घेतला आणि महिनाभर त्रास भोगला.

प्रतिसाद २

मी पशुवैद्यक आहे. बलकाचा रंग सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी द्रव्यामुळे बदलला. ते बलकातल्या लोहाशी जुळतं आणि अंडं साठवल्यावर रंग बदलतो, म्हणून तुम्हाला ताजी अंडी चांगली दिसली. पांढऱ्यातला गुलाबीपणा सरकीच्या तेलातल्या एका वेगळ्या घटकामुळे येतो. रवंथ करणारं मोठं जनावर गॉसिपॉल बरंच पचवतं, कोंबडीला ते जमत नाही. फेरस सल्फेट घालून त्याला बांधता येतं, पण तुमची अंडी थेट घरात जातात, सरकीचा नाद सोडाच.

टक्का पडायचं कारण मात्र साधं आहे. गोठ्यातली सरकी पेंड टरफलासकट असते, प्रथिनं २२-२३ टक्केच. तुमचं खाद्य साडेसोळा टक्क्यांवरून चौदाच्या खाली आलं होतं. पेंड बदलताना किलोला किलो बदलायची नसते.

आणि नुसती प्रथिनं मोजून भागत नाही. सोयाची खरी किंमत लायसिनमध्ये आहे. सोया डीओसीत ते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, सूर्यफूल पेंडीत सव्वा टक्क्याहून कमी, मक्याच्या डीडीजीएसमध्ये आणखी कमी. चार किलो सोया काढून चार किलो सूर्यफूल पेंड घातली तर शंभर किलोत ७० ग्रॅम लायसिन कमी पडतं. बाजारातलं एल-लायसिन ८५-९० ग्रॅम घातलं की ते भरून येतं. मेथिओनिनचाही हिशेब पुन्हा करा. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात नकोच, अफ्लाटॉक्सिनचा धोका मोठा.

घरचं सोयाबीन कढईत भाजलं तर बाहेरून करपतं, आतून कच्चं राहतं. कच्च्या भागातलं ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही, करपलेल्या भागातलं लायसिन जातं. रोस्टर (भाजायचं यंत्र) असेल आणि युरिएज चाचणी (सोयाबीन नीट भाजलंय का ते सांगणारी) करून घेणार असाल तरच त्या वाटेला जा. शिवाय त्यात १८-२० टक्के तेल असतं, तेव्हा मका-पॉलिशचं प्रमाणही बदलावं लागेल.

धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, दादा, मनापासून आभार. चौदाच्या खाली हा आकडा वाचून पोटात गोळा आला. मी पेंडीच्या पोत्यांचं वजन मोजत बसले आणि आतलं काही पाहिलंच नाही.

आता असं ठरवलंय: ५० कोंबड्या जाळी लावून वेगळ्या काढते. त्यांना सोया १८, सूर्यफूल पेंड ४ आणि वर लायसिन. तीन आठवडे रोजची अंडी मोजून लिहीन, आणि दर आठवड्याला दहा अंडी बाजूला ठेवून आठ दिवसांनी फोडीन. ती गिऱ्हाइकाला देणार नाही, घरीच ठेवीन. डीडीजीएस त्यानंतर.

एकच अडचण. इथल्या घाण्यावरची सूर्यफूल पेंड बरीच टरफलासकट येते, हातात घेतली की काळे तुकडे स्पष्ट दिसतात. भरडून चाळली तर टरफल निघतं का, आणि चाळणी किती बारीक लागते? कोणी केलं असेल तर कृपया लिहा.