शब्दचर्चा : ‘सुभेदार’ पिलात की ‘राज्यपाल’ पिलात? रोमन काळावरच्या कथेतले मराठी शब्द

दर्यावर्दी :
दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. काळ इ.स. ३० च्या आगेमागे, ठिकाण कैसरिया, म्हणजे थोरल्या हेरोद राजाने भूमध्य समुद्राच्या काठी वसवलेलं बंदर. यहूदियाचा, म्हणजे यरुशलेमेच्या आसपासच्या प्रांताचा, कारभार पाहणाऱ्या पिलात या रोमन अधिकाऱ्याचा मुक्काम एरवी तिथेच असे, सणावाराला तो यरुशलेमेत जाई. माझा नायक त्याच्या कचेरीतला ग्रीक बोलणारा कारकून. येशू कथेत प्रत्यक्ष येत नाही. कचेरीत अधूनमधून त्याच्याबद्दल कुणीतरी बोलतं, एवढंच.

अडचण शब्दांची आहे. मी मराठी बायबलमधला ‘सुभेदार’ उचलला. संपादकबाईंनी समासात लिहिलं, ‘राज्यपाल करा, सुभेदार मराठेशाहीतला वाटतो.’ ‘जकातदार’ला ‘करवसुली अधिकारी’ सुचवलं आणि ‘शताधिपती’च्या पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. ‘ख्रिस्ती’ शब्द कुठून वापरायचा हाही घोळ आहेच. जाणकारांनी सांगावं.

मोडीवाचक :
राज्यपाल अजिबात नको. राज्यपाल म्हटलं की राजभवनाची हिरवळ, फीत कापणं आणि पदवीदान समारंभ. हा माणूस फौज बाळगून होता, करवसुलीवर त्याची नजर होती आणि देहदंडाची शिक्षा त्याच्या तोंडून निघत होती. हे सगळं एका शब्दात बसवायचं तर सुभेदारच. मुलखाचा कारभार, वसूल आणि शिपाईप्यादे एकाच हातात असणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

लॅटिनमधला त्याचा हुद्दा काय होता यावर बरीच वर्षं गोंधळ होता. टॅसिटस हा रोमन इतिहासकार पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. पण १९६१ मध्ये कैसरियाच्याच रंगमंडलात, पायऱ्यांच्या कामात पुन्हा वापरलेला चुनखडीचा एक दगड सापडला. त्यावर पिलाताचं नाव आहे आणि पुढे ‘यहूदियाचा प्रीफेक्ट’ असा हुद्दा. प्रोक्युरेटर हे पदनाम तिथल्या कारभाऱ्यांना इ.स. ४४ नंतर, सम्राट क्लॉडियसच्या काळात लागलं. टॅसिटसने आपल्या काळातला शब्द मागे नेऊन चिकटवला. दोन्हींतला फरकही बघण्यासारखा आहे. प्रीफेक्ट हा मूळचा लष्करी वळणाचा हुद्दा, तर प्रोक्युरेटर म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार पाहणारा, आपल्याकडचा कारभारी. इ.स. ३० च्या पिलाताला सुभेदार म्हणा. पुढच्या पिढीवर लिहाल तेव्हा कारभारी म्हणा हवं तर.

आणखी एक. शेजारच्या सिरिया प्रांताचा लेगेट, म्हणजे सम्राटाने नेमलेला बडा शासक, अंत्युखियात बसायचा आणि चार लीजन, म्हणजे पाचेक हजारांच्या चार रोमन फौजा, त्याच्या हाताखाली होत्या. पिलाताकडे एकही लीजन नव्हती, होत्या त्या सहायक पलटणी. त्यांतले पुष्कळ शिपाई आसपासच्याच, म्हणजे सबस्ते आणि कैसरिया भागातले. त्यामुळे कथेत ‘इटलीहून आलेले रोमन सैनिक’ जागोजागी उभे करू नका. इ.स. ३६ मध्ये पिलाताच्या माणसांनी गरिज्जीम डोंगरापाशी शोमरोनी लोकांना कापून काढलं. तक्रार गेली ती सिरियाचा लेगेट विटेलियस याच्याकडे, आणि त्याने पिलाताला सरळ जाब द्यायला रोमला धाडलं. आता या विटेलियसला मराठीत काय म्हणाल? शब्द तयार आहे : सरसुभेदार. मात्र पिलाताची नेमणूक थेट कैसराकडून, म्हणजे रोमन सम्राटाकडून होती, सरसुभेदाराकडून नव्हे. ही गोम तुमच्या कारकुनाला नक्की ठाऊक असेल, कचेरीतल्या कुजबुजीत ती घालता येईल.

तिरकस :
सगळं मान्य. पण ‘सुभेदार’ वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे तानाजी मालुसरे येतात, त्याला काय करू? आणि आमच्या साताऱ्याकडे विचाराल तर पेन्शन घेऊन आलेले सुभेदारसाहेब येतात, पहाटे पाचला फिरायला जाणारे.

मोडीवाचक :
येऊ द्यात. दुसऱ्या पानावर जातील. पिलाताने यरुशलेमेला पाणी आणायला कालवा बांधला आणि पैसा मंदिराच्या खजिन्यातून काढला. लोक ओरडत आले तेव्हा त्याने शिपायांना साध्या कपड्यांत गर्दीत पेरलं आणि खूण करताच सोटे चालवायला लावले. योसेफस या यहुदी इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. एवढा प्रसंग रंगवला की तानाजी कुणाच्या मनात राहत नाही.

वसईकर :
आमच्या ख्रिस्ती घरी बायबलमधले हे शब्द लहानपणापासून कानावरचे, त्यामुळे मला ते मराठेशाहीतले कधी वाटलेच नाहीत. सुभेदार पिलात, मांडलिक हेरोद, मुख्य जकातदार जक्कय, सगळे जणू गावातलेच. ‘मांडलिक’ तर फारच नेमका आहे. हेरोद अंतिपाला रोमने राजा ही पदवी दिलीच नव्हती, बापाच्या राज्याचा एक तुकडा तेवढा दिला होता. पुढे राजेपद मागायला गेला आणि हद्दपार होऊन बसला. ‘राजा हेरोद’ असं सरसकट लिहिणाऱ्यांनी बाप कोणता, लेक कोणता, हे आधी ठरवावं.

‘नावनिशी’ विसरू नका. इ.स. ६ मध्ये यहूदिया थेट रोमच्या अमलाखाली गेला, तेव्हा सिरियाचा शासक क्विरिनियस याने माणसांची आणि मालमत्तेची नोंद केली. त्यावरून गालीलकर यहूदाने बंडही केलं. ‘जनगणना’ लिहिलंत तर दारावर खडूने आकडा टाकणारे मास्तर दिसतील. नावनिशी म्हटलं की पुढे डोईपट्टी येणार, हे ऐकणाऱ्याला आपसूक कळतं.

एका शब्दाला मात्र माझा विरोध आहे, आणि तो आमच्याच बायबलातला : ‘शास्त्री’. नियमशास्त्र जाणणारे, त्याच्या नकला करणारे, त्यावरून निवाडे सांगणारे ते लोक. बायबल वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं. पण दिवाळी अंकाच्या वाचकापुढे शेंडी, उपरणं आणि पुण्यातला वाडा उभा राहील आणि नसता वाद ओढवेल. तिथे सरळ ‘नियमशास्त्राचे पंडित’ लिहा.

दर्यावर्दी :
शास्त्री काढतो. जकातदाराचं काय? संपादकबाईंचं म्हणणं, जकात नाकेच गेले, तरुण वाचकाला शब्द कळणार नाही.

मोडीवाचक :
मुंबईतली जकात २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर गेली, पण बसथांब्यांची नावं अजून ‘जकात नाका’च आहेत. कळेल. उलट ‘करवसुली अधिकारी’ हीच घोडचूक ठरेल, कारण तो अधिकारी नव्हताच. ठरावीक रकमेला वसुलीचा मक्ता घ्यायचा, मग रस्त्यावर, पुलावर, बंदरात मालावर जकात बसवून ती रक्कम काढायची आणि वर निघेल ते आपलं. मक्ता, इजारा हे शब्द आपल्याकडे याच धंद्यातून आले. जक्कय ‘मुख्य’ का, तर त्याच्या हाताखाली असे नाकेवाले असणार. यरीहो हे व्यापारी वाटेवरचं, बाल्सम या सुगंधी झाडाच्या बागांचं गाव, तिथे मक्त्याला तोटा नाही.

बारकावा असा की गालीलातल्या कफर्णहूमच्या नाक्यावर बसलेला, पुढे येशूचा शिष्य झालेला मत्तय रोमची जकात गोळा करत नव्हता. गालील तेव्हा हेरोद अंतिपाकडे होतं, म्हणजे पैसा जायचा तो त्या मांडलिकाच्या तिजोरीत. ‘रोमचा हस्तक जकातदार’ हे कथाकादंबऱ्यांतलं लाडकं पात्र आहे, पण गालीलच्या बाबतीत ते लंगडं पडतं. यरीहोत चालेल, कैसरियात तर चालेलच.

तिरकस :
आणि शताधिपती? शंभरांचा धनी? की हेही बसथांब्यासारखं, नाव उरलं आणि नाका गेला?

मोडीवाचक :
अगदी तसंच! त्या काळी सेंच्युरियनच्या, म्हणजे शताधिपतीच्या, हाताखाली साधारण ८० शिपाई असत. लॅटिनमध्येही ‘शंभर’ नावापुरतेच उरले होते. शब्दासकट त्यातला फुगवटाही मराठीत आला, तेव्हा भाषांतर चोख म्हणायला हवं. असे सहा शताधिपती मिळून एक कोहोर्ट, म्हणजे ४८० माणसं. बायबलात तिला पलटण म्हटलंय. बायबलमधला कैसरियातला कर्नेल्य इटलीच्या नावाच्या पलटणीत शताधिपती होता. ‘पलटण’ हा शब्दच युरोपातून आपल्याकडे आला आणि आता आपण तो रोमन लोकांना घालतोय. चालायचंच.

तुमच्या शताधिपतीच्या हातात मात्र द्राक्षवेलीची काठी द्या. ती त्याच्या हुद्द्याची खूण आणि शिपायांच्या पाठीवर चालवायचं हत्यारही. टॅसिटसने लुसिलियस नावाच्या एका शताधिपतीची गोष्ट दिली आहे. शिपायाच्या पाठीवर काठी मोडली की तो ओरडायचा, ‘दुसरी आण!’ तीही मोडली की पुन्हा, ‘दुसरी आण!’ शिपायांनी त्याचं नावच ‘दुसरी आण’ पाडलं. इ.स. १४ मध्ये डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतात फौजेने बंड केलं तेव्हा त्याला ठार मारलं.

तिरकस :
हा माणूस आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचा.

दर्यावर्दी :
😄 आता खरा अवघड प्रश्न. कचेरीतला कारकून येशूच्या माणसांना काय म्हणेल? ‘ख्रिस्ती’ लिहू का?

वसईकर :
नका लिहू. इ.स. ३० मध्ये तो शब्दच नव्हता. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्पष्ट सांगितलंय की शिष्यांना हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, म्हणजे तुमच्या कथेनंतर काही वर्षांनी. आणि ‘नाव मिळालं’ हे महत्त्वाचं आहे. शब्दाची शेपटी लॅटिन आहे, अमक्याच्या गटातला तमका अशी ओळख सांगणारी. हेरोदाच्या बाजूच्यांना हेरोदी म्हणायचे, तसंच हे. बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं.

ते स्वतःला म्हणायचे ‘मार्ग’वाले. पुढे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला कैसरियातच, तुमच्याच कचेरीत, तेव्हाचा रोमन कारभारी फेलिक्स याच्यासमोर उभं केलं होतं. तिथे तो म्हणतो की हे ज्याला फुटीर पंथ म्हणतात, त्या मार्गाने मी आमच्या पूर्वजांच्या देवाची सेवा करतो. मराठीत गंमत अशी की ‘पंथ’चाही मूळ अर्थ वाटच. त्यामुळे वादी म्हणणार ‘पंथ’, आरोपी म्हणणार ‘मार्ग’, आणि अर्थ एकच. पण हे दृश्य तुमच्या कथेनंतर पंचवीसेक वर्षांनी घडतं. तुमच्या कारकुनाने सध्या ‘त्या नासरेथकराची माणसं’ म्हणावं, पुरे.

‘चर्च’ही टाळा. घंटा, मनोरा आणि रविवारचे कपडे डोळ्यांपुढे येतात आणि तेव्हा यातलं काहीच नव्हतं, लोक कुणाच्यातरी घरी जमत. ग्रीक शब्दाचा अर्थ सभा, जमलेले लोक. आमच्याकडे त्याला ‘मंडळी’ म्हणतात. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरची मंडळी. याहून घरगुती शब्द मला तरी सुचत नाही.

तिरकस :
आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणजे सौभाग्यवती. ‘मंडळी माहेरी गेलीय’ असं लिहाल तर छळाला कंटाळून अख्खी मंडळी पळाली असं वाचक समजेल.

मोडीवाचक :
वसईकरांच्या मुद्द्यात भर. राज्यकारभाराचे शब्द मराठेशाहीतले बिनधास्त घ्या, कारण कर, फौज, मक्ता, तक्रार-अर्ज हे तेव्हाही पक्कं होतं आणि आपल्याकडेही. धर्माच्या शब्दांना मात्र आखडता हात ठेवा. त्यांचे आजचे अर्थ तेव्हा घडलेच नव्हते. अगदी इ.स. ११२ च्या सुमारासही धाकटा प्लिनी, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाचा शासक असताना, सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या लोकांचं करू काय. चौकशीत त्याला कळतं ते एवढंच : ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर जेवायला एकत्र येतात. दोन दासींचे हाल करूनही त्याच्या हाती ‘बेसुमार अंधश्रद्धा’ यापलीकडे काही लागलं नाही. आणि ट्राजनचं उत्तर? शोधत फिरू नका, निनावी अर्ज घेऊ नका. कारकुनी कथेला याहून चांगला मसाला नाही, फक्त काळ ऐंशी वर्षं पुढे न्यावा लागेल.

दर्यावर्दी :
नेणार नाही, पाय धरतो. शेवटचा एक : वधस्तंभ की क्रूस?

वसईकर :
प्रार्थनेत क्रूस. तो पोर्तुगीजांकडून आला, गोव्यात त्याचाच खुरीस झाला. कचेरीतल्या नोंदवहीत मात्र वधस्तंभच. ग्रीक शब्दाचा जुना अर्थही उभा खांब असाच आहे. शिक्षा झालेल्याच्या खांद्यावर बहुधा आडवं लाकूडच देत, खांब जागेवर रोवलेला असे. सिनेमातल्यासारखा अख्खा क्रूस ओढायला लावू नका. ‘सुळी दिलं’ तर मुळीच नको, सूळ म्हणजे वेगळीच यातना. १९६८ मध्ये यरुशलेमेच्या उत्तरेला एका अस्थिपेटीत टाचेचं हाड सापडलं, आरपार गेलेला खिळा तसाच. खिळ्याची लांबी साडेअकरा सेंटिमीटर. पेटीवर योहानानचं नाव आहे. खिळ्याचं टोक वाकलं होतं, म्हणून तो बहुधा काढता आला नाही.

कल्याणकर :
उशिरा आलो. या कारकुनाच्या बंदरात हिंदुस्थानचा माल उतरत असेल तर एखादा आमच्याकडचा व्यापारी घाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं बंदर, पैठण आणि तेर यांची नावं आहेत, आणि कार्ल्याच्या लेण्यांत ‘यवन’ दात्यांचे लेख. तो व्यापारी पिलाताला सुभेदार-बिभेदार म्हणणार नाही, ‘यवन’ म्हणेल, म्हणजे पश्चिमेकडचा ग्रीक-रोमी परदेशी.

मोडीवाचक :
पण हा माल तांबड्या समुद्रातून मिसरला जाई आणि पुढे अलेक्झांड्रियाला. कैसरियाला थेट नाही.

कल्याणकर :
मग अलेक्झांड्रियात वाद झाला म्हणून दुसऱ्या जहाजाने येईल. कथाच आहे ना?

दर्यावर्दी :
घेतला. सुधारलेला पहिला परिच्छेद टाकतो, हाणा :

‘सुभेदार वल्हांडणासाठी यरुशलेमेला गेले की कचेरीत कुणी लवकर येत नसे. त्या दिवशी मात्र मुख्य जकातदार पहाटेच दारात उभा. मक्त्याची रक्कम यंदा भरत नाही म्हणाला. गालीलहून येणारे लोक नाक्यावर थांबत नाहीत, कुणा नासरेथकराच्या मागे रानातून जातात. मी विचारलं, किती लोक? तो म्हणाला, मोजायला थांबले तर ना.’

तिरकस :
‘रक्कम भरत नाही’ म्हणजे तो भरत नाही की पुरेशी होत नाही? शब्दचर्चेच्या धाग्यावर असली वाक्यं टाकू नयेत.

दर्यावर्दी :
‘रक्कम निघत नाही’ करतो.