शब्दचर्चा : 'वेग काढा' म्हणजे नेमका कुठला वेग? (ड्रॅग रेसच्या गणितावरून)

शिकवणीवाली

मंडळी, एका सराव प्रश्नसंचातलं उदाहरण जसंच्या तसं देते. 'एक ड्रॅग रेसिंग कार स्थिर अवस्थेतून निघून ४०२ मीटर अंतर १२ सेकंदांत पार करते. तर कारचा वेग काढा.' बस, एवढंच. मागे उत्तर छापलंय ताशी २४१ किमी. माझ्याकडच्या नववीच्या बहुतेक पोरांनी सरळ ४०२ भागिले १२ केलं, ३३.५ आले, त्याला १८/५ ने गुणलं आणि १२०.६ लिहून मोकळी झाली. बरोबर निम्मं. आता पोरं मला विचारतायत की मॅडम आमचं काय चुकलं आणि मला प्रामाणिकपणे वाटतंय की पोरांचं काही चुकलेलं नाही, 'वेग' या शब्दानेच घोळ घातलाय. तुमचं काय म्हणणं? आणि ड्रॅग रेस म्हणजे काय ते मराठीत एका ओळीत कसं सांगायचं तेही सांगा, 'सरळ रेषेतली शर्यत' म्हटलं तर एकजण म्हणाला मग १०० मीटर धावणं पण तेच की.

जुना मास्तर

ताई, पोरांना पूर्ण मार्क द्या. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'चाल' वेगळी आणि 'वेग' वेगळा, म्हणजे चालीला दिशा नाही, वेगाला आहे. पण शिष्यवृत्तीच्या गणितात त्याच मुलाने 'काळ, काम, वेग' हा धडा केलेला असतो आणि तिथे वेग म्हणजे निव्वळ अंतर भागिले वेळ, दिशाबिशा कोणी विचारत नाही. म्हणजे एकच शब्द दोन तासांना दोन अर्थाने. त्यात तुमच्या उदाहरणात तिसराच अर्थ आहे, 'शेवटच्या क्षणीचा वेग'. तो २४१ कुठून आला ते सोपं आहे, गाडी शून्यापासून निघाली आणि वेग एकसारखा वाढत गेला असं धरलं तर सरासरी ही शेवटच्या वेगाच्या निम्मी, म्हणून शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट. पण 'वेग एकसारखा वाढत गेला' हे प्रश्नात लिहिलंय कुठे? 'एकसमान त्वरणाने' हे दोन शब्द खाल्लेत आणि 'अंतिम' हा तिसरा.

जाता जाता, त्वरण की प्रवेग? विश्वकोशात प्रवेग, पाठ्यपुस्तकात त्वरण. मला प्रवेग आवडतो कारण त्यात वेग दिसतो, पण परीक्षेपुरतं त्वरणच लिहायला सांगा.

गिअरबदल

आमच्याकडे दोन्ही नाही चालत, आमच्याकडे पिकअप 😀 'गाडीचा पिकअप मस्त आहे' हे कोणालाही कळतं.

आणि अजून एक गंमत, आम्ही म्हणतो 'गाडी जाम ओढते' म्हणजे पिकअप चांगला, आणि पुस्तकी मराठीत हवेच्या विरोधाला 'ओढ' म्हणतात, म्हणजे बरोब्बर उलटं, ती गाडीला मागे खेचणारी. इंग्रजीत त्या विरोधालाही ड्रॅग आणि शर्यतीलाही ड्रॅग, म्हणून कोणी भाषांतर करताना 'ओढ-शर्यत' वगैरे करू नका प्लीज, बैलगाडा डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत गावातल्या मुख्य रस्त्याला बोलीभाषेत मेन ड्रॅग म्हणतात, पोरं तिथेच सिग्नलवरून गाड्या पळवायची, त्यावरून नाव पडलं अशी एक व्युत्पत्ती सांगतात. खात्रीची अशी एकच व्युत्पत्ती नाही, पण हवेच्या विरोधाशी तिचा संबंध नाही हे नक्की. शिकवणीवाली ताई, तुमच्या ओळीसाठी: 'दोन गाड्या, शेजारशेजारच्या दोन लेन, उभ्या जागेवरून सुरुवात, ठरलेलं छोटं अंतर, वळण नाही.' त्यातलं 'उभ्या जागेवरून' महत्त्वाचं.

आता खरी गोष्ट. १२०.६ ही सरासरी आहे ठीक आहे, पण २४१ साफ फेकलेलं आहे. ४०० मीटर १२ सेकंदात मारणारी रस्त्यावरची गाडी शेवटच्या रेषेवर ताशी १८० च्या आसपास असते. २४१ ने रेषा ओलांडणारी गाडी १२ सेकंद घेतच नाही, ती खूप आधी पोचते.

शिकवणीवाली

अरे १८० कसे? १२० ची दुप्पट नाही, १२० नाही, मधलंच काहीतरी. आता मी पोरांना काय सांगू?

गिअरबदल

दीडपट सांगा ताई. बघा, पिकअप एकसारखा राहतच नाही. सुरुवातीला पहिल्या गिअरला गाडी छातीवर दाबते आणि तिसऱ्या-चौथ्याला तेवढं जाणवत नाही, हे बाईकवर मागे बसलेल्यालाही ठाऊक असतं. कारण इंजिनची ताकद तीच, वेग वाढला की त्याच ताकदीत ढकलणं कमी पडतं. आता हिशोब, ताकद कायम धरा (हवेचा विरोध सोडा). मग गाडीत साठलेली ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते, आणि ऊर्जा असते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वेग वाढतो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट वेळ गेला तर वेग फक्त दुप्पट. अशा वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं की सरासरी येते शेवटच्या वेगाच्या दोन तृतीयांश. उलट केलं की शेवटचा वेग सरासरीच्या दीडपट. १२०.६ गुणिले दीड, १८०.९. रेस झाल्यावर वेळ आणि वेग छापलेली चिठ्ठी मिळते, तिच्यावर येतो तो आकडा याच्याच आसपास असतो.

जुना मास्तर

वा. हे मला आवडलं. म्हणजे एकाच वाक्याला तीन उत्तरं: सरासरी विचारली तर १२०.६, एकसमान त्वरण धरलं तर २४१.२, एकसमान शक्ती धरली तर १८०.९. तिन्ही ठिकाणी भागाकार-गुणाकार पोराला येतोच, अडतं ते वाक्यापाशी.

'पट' निघालंच आहे तर एक लक्षात ठेवा, 'दीडपट' आणि 'दीडपटीने जास्त' हे पेपर काढणारे एकच समजून वापरतात. माझ्या मते उदाहरणात 'पटीने जास्त' लिहूच नये. १०० पेक्षा 'दुपटीने जास्त' म्हणजे २०० की ३०० यावर शिक्षकांच्या खोलीत भांडणं झालेली मी पाहिलीत. 'च्या दुप्पट' लिहावं, संपलं.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहतो, इथून जवळ इंग्लिशटाउनला ड्रॅग रेसचा मोठा ट्रॅक होता, २०१८ च्या जानेवारीत तिथल्या ड्रॅग रेस बंद झाल्या, तोवर आम्ही मित्रमंडळी जायचो. म्हणून दोन-तीन गोष्टी.

एक, ४०२ हा आकडा कुठून आला ते मुलांना सांगा म्हणजे तो आभाळातून पडल्यासारखा वाटणार नाही. पाव मैल आहे तो. मैल १६०९.३४४ मीटर, त्याचा पाव ४०२.३३६. छोट्या ट्रॅकवर मैलाचा आठवा भाग पळवतात, म्हणजे २०१ मीटर, आणि आपल्या आजोबांच्या भाषेत तो बरोबर एक फर्लांग.

दोन, चिठ्ठीवर जो शेवटचा वेग छापून येतो तोसुद्धा काटेकोरपणे 'त्या क्षणीचा' नसतो. शेवटच्या ६६ फुटांना (साधारण २० मीटर) किती वेळ लागला त्यावरून काढतात. म्हणजे तीही सरासरीच, फक्त छोट्या तुकड्याची.

तीन, आणि हे शब्दचर्चेसाठी जास्त कामाचं: 'वेळ' हा शब्द 'वेग'पेक्षा जास्त फसवा आहे. ड्रॅग रेसमध्ये दोन वेगवेगळे वेळ मोजतात. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या आडव्या प्रकाशकिरणातून बाहेर पडेपर्यंतचा एक, त्याला आरटी (रिअॅक्शन टाइम) म्हणतात. आणि किरणातून बाहेर पडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा दुसरा, तो ईटी (इलॅप्स्ड टाइम). ईटीचं घड्याळ हिरव्या दिव्याने सुरूच होत नाही, गाडी हलली की सुरू होतं. त्यामुळे कोणी हिरव्यावर झोपून राहिला तरी त्याचा ईटी झकास येऊ शकतो. म्हणूनच 'अ ने जास्त वेळ घेतला आणि तरीही अ जिंकला' हे वाक्य तिथे रोज खरं ठरतं. अ आधी निघालेला असतो ना.

तिरपागडा

मग हे घ्या कोडं, याच्यावरूनच. ज्या प्रकारात गाड्या बरोबरीच्या नसतात तिथे प्रत्येकाने आपला ईटी आधी जाहीर करायचा असतो आणि सावकाश गाडीला तेवढ्या फरकाने हिरवा आधी मिळतो. लाल गाडीने जाहीर केले १२.००, निळीने १४.५०. प्रत्यक्षात लालचा आरटी ०.०८०, ईटी १२.०५. निळीचा आरटी ०.१५०, ईटी १४.५३. कोण जिंकलं? आणि किती मीटरने?

उपप्रश्न: निळीने १४.५३ ऐवजी १४.४५ मारले असते तर?

शिकवणीवाली

पहिल्याचं करते. निळीच्या हिरव्यापासून मोजलं तर निळी ०.१५० अधिक १४.५३ म्हणजे १४.६८० ला पोचली. लालला हिरवा २.५ नंतर, त्यात ०.०८०, त्यात १२.०५, १४.६३०. लाल जिंकली ०.०५ सेकंदाने. पण मीटर? लालचा शेवटचा वेग गिअरबदलच्या दीडपटीने साधारण ५० मीटर प्रति सेकंद, गुणिले ०.०५, अडीच मीटर?

तिरपागडा

इथेच सगळे घसरतात. लाल रेषेवर पोचली तेव्हा निळी कुठे होती असा प्रश्न आहे, म्हणजे उरलेले ०.०५ सेकंद निळी धावणार आहे, म्हणून निळीचा वेग घ्यायचा. ४०२ भागिले १४.५३ म्हणजे २७.७, दीडपट केली ४१.५, गुणिले ०.०५, साधारण २.१ मीटर. 'किती मीटरने हरवलं' यात नेहमी हरणाऱ्याचा वेग लागतो, जिंकणारा तर थांबला समजा.

उपप्रश्नात निळी १४.६०० ला पोचते, म्हणजे लालच्या आधी, पण जाहीर केलेल्या १४.५० पेक्षा लवकर पळाली म्हणून बाद. आधी पोचूनही हरली! (लालही जाहीर वेळेच्या आत आली असती तर मग जी आपल्या जाहीर वेळेच्या जास्त आधी आली ती बाद.)

जुना मास्तर

'ने' या प्रत्ययाचं जुनं कोडं यातच बसतं. १०० मीटरच्या शर्यतीत अ ने ब ला १० मीटरने हरवलं. पुढच्या वेळी अ १० मीटर मागून निघाला, वेग तेच. पोरं ठामपणे 'बरोबरी' म्हणतात. पण अ चे १०० होतात तेव्हा ब चे ९०, म्हणजे शेवटच्या रेषेआधी १० मीटरवर दोघं बरोबरीत येतात आणि उरलेल्या १० मध्ये अ पुन्हा १ मीटर पुढे. त्याच वाक्यात 'मीटर'च्या जागी 'सेकंद' लिहिलं तर गणितच बदलतं. आणि 'अ ने' मधला ने कर्त्याचा, '१० मीटरने' मधला ने फरकाचा. चौथीतल्या पोराला हे दोन ने एका ओळीत वाचायचे असतात, काय खायचं काम आहे!

सरासरीचं पण तसंच. बोलताना आपण 'सरासरी दोन तास लागतात' म्हणतो म्हणजे 'अंदाजे'. मग घाटाचं उदाहरण आलं, चढताना ताशी २०, येऊनजाऊन सरासरी ४० हवी तर उतरताना किती, की पोरं ६० सांगतात. उत्तर आहे 'अशक्य'. एका बाजूचं अंतर २० किमी धरा, चढण्यातच १ तास गेला, आणि ताशी ४० ने येऊनजाऊन ४० किमीला मिळून १ तासच मिळतो. उतरायला शून्य मिनिटं. याच धाटणीचं कोडं मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमरने आइनस्टाइनला पत्रातून घातलं होतं आणि आकडेमोड करेपर्यंत त्यालाही खोच दिसली नव्हती, तेव्हा पोरांना फार रागवू नका.

एडिसनवासी

दीडपट-दुप्पट वरून एक राहिलं. सगळ्यात जबर गाड्या, टॉप फ्युएलवाल्या, आता पाव मैल पळतच नाहीत. २००८ च्या जूनमध्ये इंग्लिशटाउनलाच स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर त्या वर्गाचं अंतर १००० फूट केलं, ३०४.८ मीटर. ते अंतर त्या साधारण ३.७ सेकंदात तोडतात आणि शेवटी ताशी ५३० किमीच्या पुढे असतात. सरासरी काढा, ताशी २९७ च्या आसपास. गुणोत्तर येतं जवळपास १.८.

गिअरबदल

बरोबर, कारण त्यांची ताकद इतकी जास्त आहे की सगळी एकदम चाकावर सोडली तर टायर जागेवरच फिरणार. म्हणून क्लच हळूहळू पकडवतात, गिअर बदलण्याची भानगडच नाही. म्हणजे पुढे पुढे जास्त ताकद लागू होते, त्यामुळे पिकअप बऱ्यापैकी टिकून राहतो आणि दीडपटीकडून दुपटीकडे सरकतो. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रेस होतात तिथल्या रस्त्यावरच्या गाड्यांना मात्र दीडपटच धरा.

शिकवणीवाली

सगळ्यांना थँक्यू. उदाहरण असं बदललंय, बघा: 'एक कार उभ्या जागेवरून निघून ४०२ मीटर अंतर १२ सेकंदांत पार करते. (अ) या अंतरातील कारची सरासरी चाल दर ताशी किती किमी? (आ) कारचे त्वरण एकसमान आहे असे मानल्यास शेवटच्या रेषेवर तिची चाल किती? (इ) प्रत्यक्षात ती चाल ताशी १८० किमी भरली. यावरून त्वरणाबद्दल काय सांगता येईल?'

जुना मास्तर

छान आहे. (इ) ला दोन मार्क ठेवा. आणि 'दर ताशी' मधला दर काढा, ताशी म्हणजेच दर तासाला.