विषय: बापाची रजा, किती मागावी?

नमस्कार मंडळी,
जानेवारीत आमच्याकडे बाळ येतंय. आई नागपूरहून येणार होती, पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशनही त्याच महिन्यात ठरलं. न्यू जर्सीतल्या या नोकरीत मला दोन वर्षं झालीत. मॅनेजरकडे दोन आठवडे मागितले तर बरं दिसेल का?
– एडिसनहून, मूळचा महालचा

भाऊ,
दोन आठवड्यांत काय होते? पूर्ण 12 आठवड्यांचा अर्ज टाक. 1993 च्या फेडरल कायद्यानं, कंपनीत 50 माणसं असली, तुला वर्ष झालं असलं आणि त्या वर्षात 1250 तास भरले असले, की बिनपगारी 12 आठवडे आणि नोकरी शाबूत. पैसे राज्याच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून येतात, पगाराच्या 85 टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. त्याची कपात तुझ्याच पगारातून होते, पे-स्लिप काढून बघ. ऑफिसला 30 दिवस आधी कळव.

एवढं कळकळीनं लिहितोय ते भाच्यामुळे. तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे. आईला 2017 पासून 26 आठवडे आहेत, पण खाजगी नोकरीतल्या बापाला आपल्याकडे कायद्यानं एक दिवसही नाही. 15 दिवस मिळतात ते केंद्र सरकारच्या नोकरांना. याला दोन मिळाले, तेही सी.एल.मधून. तिसऱ्या दिवशी पोरीला कावीळ. निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, मुठी आवळलेल्या. सूनबाईला टाक्यांमुळे उठवत नव्हतं. मी डबा घेऊन गेलो तर ती म्हणाली, "मामाजी, डॉक्टर कालचा रिपोर्ट मागून राहिले." रिपोर्ट भाच्याच्या शर्टाच्या खिशात, आणि भाचा पहाटेच कंपनीच्या बसनं बुटीबोरीला. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुझ्या हातात हक्क आहे रे, तो अर्धा सोडू नको.
– धरमपेठहून काका

काकांशी सहमत. एक जोडते: आईवडिलांच्या गंभीर आजारपणालाही हाच फेडरल कायदा लागतो आणि नागपूरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालतं. आईच्या वेळी मी तिथूनच फॉर्म भरून घेतला होता. मात्र दोन्ही मिळून वर्षात 12 च आठवडे, त्यामुळे आधी हिशेब करा.
– प्रिन्स्टनहून ताई

हिशेब नको. 12 च्या 12 बाळाला दे. ऑपरेशनच्या दिवशी तुझ्या बाबांजवळ मी बसतो. दवाखान्याचं नाव आणि तारीख तेवढी कळव.
– काका