मौदूदी आणि पाकिस्तानची मागणी
इस्लामी विचारवंत मौलाना मौदूदी हे पाकिस्तानच्या मागणीचे वैचारिक जनक होते, असे काही जण म्हणतात. त्यात मोठी दुरुस्ती आवश्यक वाटते. १९०३ साली औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या निजामी राज्यात, जन्मलेल्या मौदूदींनी १९४१ मध्ये लाहोरला जमाते इस्लामी या इस्लामी राज्यासाठी झटणाऱ्या संघटनेची स्थापना केली, ती मुस्लिम लीगला बळ देण्यासाठी नव्हे. राष्ट्रवाद, मग तो काँग्रेसचा असो वा लीगचा, त्यांना इस्लामशी विसंगत वाटत होता आणि जिनांचे पाश्चात्त्य वळणाचे नेतृत्व इस्लामी राज्य उभारील यावर त्यांचा विश्वास नव्हता.

फाळणीनंतर मात्र ते पठाणकोटहून लाहोरला गेले आणि ज्या राष्ट्राविषयी साशंक होते, त्याचीच राज्यघटना इस्लामी व्हावी म्हणून आयुष्यभर झगडले. १९५३ च्या अहमदियाविरोधी (ज्यांना अनेक मुसलमान मुस्लिम मानत नाहीत त्या पंथाविरुद्धच्या) दंगलींनंतर लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. पुढे ती जन्मठेपेत बदलली आणि १९५५ मध्ये त्यांची सुटका झाली.

त्यांची तत्त्वनिष्ठा अभेद्य होती, हे म्हणणेही मला पटत नाही. स्त्रीने राज्याचे प्रमुखपद भूषवू नये असे मानणाऱ्या मौदूदींनी १९६५ च्या निवडणुकीत लष्करशहा राष्ट्राध्यक्ष अयुब खानांविरुद्ध जिनांच्या भगिनी फातिमा जिनांना पाठिंबा दिला (राजकारणाची निकड, दुसरे काय!). एवढे करूनही मतपेटीने त्यांना साथ दिली नाही: १९७० मध्ये राष्ट्रीय असेंब्लीत जमातला अवघ्या ४ जागा मिळाल्या आणि १९७२ मध्ये त्यांनी पक्षाचे नेतृत्व सोडले.