मदत हवी आहे: भावाचं जहाज लाल समुद्रातून जाणार, मध्येच उतरता येतं का?

प्राजू_दापोली | १३ जुलै २०२५, रात्री ९:४०
नमस्कार. घाईत लिहितेय, समजून घ्या. माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे. काल फोनवर म्हणाला, पुढची फेरी लाल समुद्रातून आहे. गेल्या आठवड्यात हुतींनी (येमेनमधल्या बंडखोरांनी) तिथे दोन जहाजं बुडवली. त्यातल्या एकाचा व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिलाय आणि आईने जेवण सोडलंय. एजंट म्हणतो, कॉन्ट्रॅक्टवर सही झालीय, आता उतरलास तर तिकिटाचे पैसे आणि दंड तुलाच भरावा लागेल. हे खरं आहे का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. वेळ फार कमी आहे.

फोरकॅसल | रात्री ९:५२
ताई, उत्तर आहे, पण आधी हे सांगा. जहाज कुठल्या झेंड्याचं? कंटेनर, बल्क (सुट्या मालाचं) की टँकर? भाऊ ऑफिसर आहे की रेटिंग (साधा खलाशी), डेकवर की इंजिनात? एजंटकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचं सरकारी) लायसन्स आहे का? आणि जहाज आत्ता नक्की कुठे आहे? वेळ कमी म्हणजे किती?

मिसळीचा_कट | रात्री ९:५५
जहाजाचं नाव टाका, मरीनट्रॅफिकवर (जहाजं कुठे आहेत ते दाखवणारी साइट) दोन मिनिटांत शोधून देतो.

फोरकॅसल | रात्री ९:५८
नाव अजिबात टाकू नका! आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक) पण नको, निघायची तारीखही नको. हुती काही दुर्बीण लावून बसलेले नाहीत. एआयएस (जहाजाची जागा आणि ओळख प्रसारित करणारी यंत्रणा) आणि इंटरनेटवर पडलेली माहितीच ते वापरतात. हल्ली जहाजं त्या पट्ट्यात एआयएसवर ‘सर्व खलाशी मुस्लिम’, ‘इस्रायलशी संबंध नाही’ असले संदेश टाकत जातात, ते उगाच नाही.

प्राजू_दापोली | रात्री १०:०४
एवढं सगळं कशाला हवंय? माझा प्रश्न साधा आहे, उतरता येतं की नाही. झेंडा लायबेरियाचा आहे बहुतेक.

शंभूचा_मावळा | रात्री १०:११
ताई, बिनधास्त राहा. आपलं नौदल आहे तिथे. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावर मार्कोस (नौदलाचे कमांडो) उतरवले होते. सी-१७ विमानातून बोटींसकट कमांडो थेट समुद्रात! ३५ सोमाली चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले, आणि त्या चाच्यांना आणून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं. आयएनएस कोलकाता. नाव लक्षात ठेवा. कान्होजी आंग्र्यांचा वारसा आहे हा, त्यांच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावर इंग्रजांचं गलबत हलत नव्हतं.

रात्रपाळी | रात्री १०:२०
मावळे, अभिमान मलाही आहे, पण दोन गोष्टींची गल्लत करताय. रुएनवर चाचे होते. चाच्यांना जहाज आणि माणसं जिवंत हवी असतात, खंडणीसाठी. हुती क्षेपणास्त्र मारतात, त्यावर कमांडो काय करणार? ‘मार्लिन लुआंडा’ आठवा, २६ जानेवारी २०२४. नाफ्था भरलेला टँकर, २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. क्षेपणास्त्र लागल्यावर आयएनएस विशाखापट्टणमची दहा जणांची टीम वर चढली आणि आग विझवली. ‘ट्रू कॉन्फिडन्स’चंही तेच, ६ मार्च २०२४. कोलकाताने २१ जणांना उचललं, पण तीन जण आधीच गेले होते. नौदल येतं आणि उत्तम काम करतं, पण हल्ला झाल्यावर. शिवाय आपण अमेरिकेच्या ‘प्रॉस्पेरिटी गार्डियन’ या लाल समुद्रातल्या नौदल मोहिमेत कधी गेलोच नाही. आपली जहाजं मुख्यतः एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात असतात.

शंभूचा_मावळा | रात्री १०:२४
म्हणजे नौदल बिनकामाचं असं म्हणायचंय का तुम्हाला?

रात्रपाळी | रात्री १०:२५
पुन्हा वाचा.

निवृत्त_चीफ | रात्री १०:३३
मी १९८७ साली इराणच्या खार्ग बेटावरून क्रूड भरून आणायचो. इराण-इराक युद्ध चालू होतं, त्याला टँकर वॉर म्हणायचे. आजूबाजूची जहाजं रात्री पेटलेली दिसायची. तेव्हा कोणी उतरायची भाषा करत नव्हतं. वॉर बोनस मिळायचा आणि त्या बोनसवर माझ्या बॅचच्या निम्म्या लोकांनी डोंबिवलीत जागा घेतल्या. हल्लीच्या मुलांना वायफाय नसलं तरी घरी जायचं असतं. मुलाला कामावर लक्ष देऊ दे.

वेंगुर्लेकरीण | रात्री १०:४१
काका, तुमच्या त्या जागेत तुमच्या आईने किती रात्री जागून काढल्या ते तिला विचारलंत कधी? माझा नवरा टँकरवर सेकंड इंजिनिअर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘केम प्लुटो’ टँकरवर ड्रोन पडलं तेव्हा तो त्याच भागात होता. ते तर लाल समुद्रातही नव्हतं, आपल्या गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर होतं. प्राजू गो, घाबरू नको. आईक जेवूक घाल आधी. आणि फोरकॅसल विचारतायत ते सांग, ते शिपवर आहेत, त्यांना कळतं.

द्राक्षबाग_निफाड | रात्री १०:५०
या हुतींनी आमचं काय केलं ते कोणी विचारत नाही. २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारे आमच्या द्राक्षांचे कंटेनर केप ऑफ गुड होपवरून वळवले. दहा-पंधरा दिवस जास्त. रॉटरडॅमला माल उतरला तेव्हा देठ सुकलेले, आणि भाडं तर विचारू नका. व्यापाऱ्याने कटिंग लावलं ते शेतकऱ्याच्या डोक्यावर. जाऊ द्या. मुद्दा असा की सगळी जहाजं केपवरूनच जातात आता. भावाचंही जाईल, काळजी नसावी.

प्राजू_दापोली | रात्री १०:५८
केपवरून जाणार नाही, अकाबाला (जॉर्डनच्या बंदरात) जायचंय, तिथून खताचा माल आणायचाय. बल्क आहे. भाऊ ज्युनियर इंजिनिअर आहे. आत्ता जहाज कांडल्याला आहे, माल उतरवतायत, अजून तीन-चार दिवस चालेल म्हणाला.

फोरकॅसल | रात्री ११:०१
कांडल्याला! अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. भारतातल्या बंदरात साइन ऑफ करणं (नोकरी संपवून उतरणं) आणि जेद्दाह किंवा जिबूतीत उतरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हिसा नको, विमान नको. कांडला ते दापोली ट्रेन आणि एसटी. तिकिटाच्या पैशांची धमकी तिथेच निकालात निघाली.

मिसळीचा_कट | रात्री ११:०३
पण कांडल्याहून अकाबाला केपवरून जाता येईलच ना? लांब पडेल इतकंच.

निवृत्त_चीफ | रात्री ११:०९
अख्ख्या आफ्रिकेला वळसा, मग जिब्राल्टर, भूमध्य समुद्र आणि वरून सुएझ उतरून अकाबा. रॉक फॉस्फेटसाठी एवढं इंधन कुठला चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) जाळणार? बाब-अल-मंदेबमधूनच (लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या सामुद्रधुनीतून) जातील. वॉर रिस्कचा विमा आता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास पोचलाय म्हणतात. तरी ते परवडतं.

फोरकॅसल | रात्री ११:२६
आता नीट लिहितो. मी चीफ ऑफिसर आहे, सध्या रजेवर.

सगळं त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर अवलंबून आहे. जहाज आयबीएफच्या कराराखाली असेल (हा आयटीएफ ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जहाजमालकांच्या संघटना यांच्यातला करार) तर दक्षिण लाल समुद्र आणि एडनचं आखात त्यात ‘वॉरलाइक ऑपरेशन्स एरिया’ म्हणून धरलेलं आहे. तिथे जायला नकार द्यायचा खलाशाला हक्क आहे. कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं आणि वर दोन महिन्यांच्या बेसिकइतकी भरपाई द्यायची. दंड बिंड काही नाही. गेलाच तर त्या पट्ट्यातल्या दिवसांचं बेसिक दुप्पट, निदान पाच दिवसांचं. मृत्यू आणि अपंगत्वाची भरपाईही दुप्पट.

करार आयबीएफचा नसेल तर कॉन्ट्रॅक्टमध्ये ‘वॉर’ किंवा ‘हाय रिस्क’ असलेलं कलम शोधा. कॉन्ट्रॅक्टची प्रत त्याच्याकडे असलीच पाहिजे, तो एमएलसीचा (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आहे. त्याचे फोटो मागवा, सगळी पानं. पहिलं आणि शेवटचं पान पाठवून मोकळे होतात मुलं.

उद्या सोमवार आहे. ज्युनियर इंजिनिअर म्हणजे एमयूआयकडे (ऑफिसरांची युनियन) जा, मुंबईत आहे. रेटिंग असता तर नुसी (खलाशांची युनियन). आरपीएसएल नंबर डीजी शिपिंगच्या (सरकारचं जहाज वाहतूक खातं) साइटवर तपासा.

प्राजू_दापोली | रात्री ११:३४
आरपीएसएल नंबर आहे, कागदावर छापलाय. पण एजंटने लावून देण्याचे पैसे घेतले होते आमच्याकडून. पावती नाही. आता उतरला तर ते बुडतील का?

फोरकॅसल | रात्री ११:३८
नोकरी लावायचे खलाशाकडून पैसे घेणंच बेकायदा आहे. तो तुम्हाला दंडाची भीती घालतोय कारण त्याला स्वतःच्या लायसन्सची भीती आहे. त्याने काय धमकी दिली ते व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी येऊ द्या. फोनवर बोलू नका.

रात्रपाळी | रात्री ११:४५
ब्लॅकलिस्टचं पण सांगा ना साहेब. कागदावर हक्क सगळे असतात. नंतर तोच मुलगा सहा महिने नरिमन पॉइंटला ऑफिसांचे जिने चढत फिरतो आणि ‘सध्या व्हेकन्सी नाही’ ऐकतो.

फोरकॅसल | रात्री ११:५१
हे खरं आहे, नाकारत नाही. मोठ्या कंपन्या शक्यतो तसं करत नाहीत, छोटे एजंट करतात. म्हणूनच नकार लेखी आणि कॅप्टनमार्फत द्यावा, ‘तब्येत बरी नाही’ वगैरे बहाणे करू नयेत. बहाणा केला की मेडिकल रेकॉर्डवर बसतो. फिलिपिन्सच्या सरकारने नकाराचा हक्क सरळ जाहीर करून टाकलाय, त्यामुळे त्यांच्या पोरांना एवढं घाबरावं लागत नाही.

काथ्याकूट | रात्री ११:५८
मुळात हे सगळं गाझामुळे आहे. इस्रायलने...
[प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे]

संपादक मंडळ | रात्री १२:०६
गाझा, इस्रायल, अमेरिका यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे मदतीपुरतं लिहा.

निवृत्त_चीफ | रात्री १२:१२
मुलगा इंजिनात आहे हे वाचून दोन शब्द. आमच्या वेळी आणि चाच्यांच्या काळातही इंजिन रूम सर्वात सुरक्षित जागा मानायचे. सिटाडेल तिथेच करायचे, आतून दारं बंद करून बसायचं. तरी आता तसं काही...

फोरकॅसल | रात्री १२:१७
आता नेमकं उलट आहे काका. हुतींच्या विनाचालक बोटी पाण्याच्या पातळीवर, मागच्या बाजूला येऊन धडकतात, म्हणजे थेट इंजिन रूममध्ये. ‘ट्युटर’ जहाजात जून २०२४ ला हेच झालं, पाणी भरलं आणि आत असलेला माणूस गेला. त्यामुळे त्या पट्ट्यात इंजिन रूममध्ये कमीत कमी माणसं ठेवायची आणि बाकीच्यांनी पाण्याच्या पातळीच्या वर, आतल्या बाजूला जमायचं, असं सांगतात. भाऊ जाणारच असेल तर सेकंड इंजिनिअरला हे विचारू दे: बाब-अल-मंदेब ओलांडताना खाली कोण असणार?

दुसरं, त्या कंपनीचं कुठलंही जहाज इस्रायलच्या बंदराला लागलेलं आहे का? गेल्या आठवड्यात बुडवलेली ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ दोन्ही लायबेरियाच्या झेंड्याची, ग्रीक कंपन्यांची बल्क जहाजं. त्यांच्या ताफ्यातली इतर जहाजं तिकडे जाऊन आली म्हणून ही दोन मारली. इटर्निटी सी वर निदान चार जण गेले आणि काहींना हुतींनी ताब्यात घेतलं. वाचलेल्यांना युद्धनौकांनी नाही, खासगी बोटींनी शोधून काढलं. युरोपच्या ‘अस्पिदेस’ या नौदल मोहिमेकडे एवढ्या समुद्राला मोजकीच जहाजं आहेत.

शंभूचा_मावळा | रात्री १२:२०
म्हणूनच म्हणतो, आपल्या नौदलाने पुढाकार घ्यायला हवा.

वेंगुर्लेकरीण | १४ जुलै, सकाळी ७:१५
प्राजू, एक विचारू? भाऊ स्वतः काय म्हणतो? इतक्या प्रतिसादांत त्याचं मत कुठे दिसलं नाही.

प्राजू_दापोली | सकाळी ८:०२
त्याला हा धागा माहीत नाही. त्याला जायचंय. क्लास फोरच्या (इंजिनिअरच्या परवान्याच्या) परीक्षेसाठी सी-टाइम (जहाजावर काम केलेला काळ) दोन महिने कमी पडतोय, उतरला तर पुन्हा जहाज कधी मिळेल सांगता येत नाही. आणि कोर्सचं कर्ज आहे. तो म्हणतो रोज कितीतरी जहाजं जातात. आई म्हणते तू काहीही करून त्याला उतरव.

रात्रपाळी | सकाळी ८:१०
मग प्रश्नच बदलला की.

निवृत्त_चीफ | सकाळी ८:१४
मी काय म्हणत होतो!

फोरकॅसल | सकाळी ८:३०
मोठा मुलगा आहे, नकाराचा हक्क त्याचा आहे. तुमचा, आईंचा किंवा माझा नाही. पण त्याला सगळी माहिती पोचवणं तुमच्या हातात आहे. मी वर लिहिलेलं त्याला जसंच्या तसं पाठवा. उतरायचंच ठरलं तर सी-टाइम राखायला तिथल्या तिथे दुसऱ्या जहाजावर बदली मागता येते. त्याच कंपनीचं अरबी समुद्रात किंवा पूर्वेकडे जाणारं जहाज असेल तर अशी अदलाबदल होते. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

प्राजू_दापोली | दुपारी ३:४५
एमयूआयला फोन केला. कॉन्ट्रॅक्टच्या सगळ्या पानांची प्रत मेल करायला सांगितली, तो रात्री पाठवतोय. आणि जहाजावर आज फॉर्म वाटलाय, ‘स्वेच्छेने जात आहे’ की ‘जाऊ इच्छित नाही’. उद्यापर्यंत टिक करून द्यायचाय. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत बराच मजकूर आहे.

फोरकॅसल | दुपारी ४:०२
तो बारीक मजकूरच महत्त्वाचा. भरपाई किंवा बोनसवरचा हक्क सोडतो असं कुठेही असेल तर ‘जातो’वर टिक करूनही त्या ओळीवर सही करायची नाही. आधी फोटो युनियनला. आणि निर्णय कांडला सोडायच्या आतच. बंदराबाहेर नेणारा पायलट उतरला की मग कॅप्टनच्या हातातही फारसं राहत नाही. फोटो मला व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल, नाव झाकून.

प्राजू_दापोली | दुपारी ४:२०
व्यनि केला आहे. त्याच्याशी आत्ताच बोलले, बदलीचं ऐकून गप्प झाला. उद्या सकाळी सांगतो म्हणाला.

गोदाकाठ | संध्याकाळी ६:३०
छान माहितीपूर्ण धागा. माझ्या भाच्याला मर्चंट नेव्हीत जायचंय, कुठला कोर्स चांगला? पगार किती मिळतो?

निवृत्त_चीफ | संध्याकाळी ६:४१
भाचा किती शिकलाय? चष्मा आहे का? डेकला जायचंय की इंजिनाला?