रडवणारी कादंबरी, चालू गोळ्या आणि गेलेली झोप (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. गेल्या वर्षापासून नैराश्यावर उपचार चालू आहेत. गोळ्या आहेत, शिवाय अधूनमधून समुपदेशन. तसं बरं चाललंय, म्हणजे कामावर जाते, डबे करते, भिशीलाही जाऊन येते. फक्त गोळ्या लागल्यापासून मन बधिर झालंय. वाईट वाटत नाही, तसं चांगलंही वाटत नाही. मामा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि ते नातेवाइकांच्या बरोब्बर लक्षात आलं.

अशात हान्या यानागिहारा यांची 'अ लिटल लाइफ' हाती आली. २०१५ची इंग्रजी कादंबरी, सातशेच्या वर पानं, बुकरच्या लघुयादीत होती. न्यूयॉर्कमधले चार मित्र आणि त्यांतल्या ज्यूडचं भूतकाळाने पोखरलेलं आयुष्य. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी: लहान मुलावरचे अत्याचार आणि स्वतःला इजा करून घेणं त्यात पुन्हा पुन्हा येतं, आणि लेखिका वाचकाला जराही सूट देत नाही.

ती वाचताना मी रडले. कित्येक महिन्यांनी, हुंदके देऊन. विचित्र वाटेल, पण रडून झाल्यावर इतकं मोकळं वाटलं की मुलांना उठवून काहीतरी गोड करून घालावं असं मनात आलं.

अडचण पुढची आहे. घरातले झोपले की मी वाचायला बसते आणि पुस्तक मिटलं तरी ज्यूड डोक्यातून जात नाही. पहाट होते. दिवसभर एकच विचार: इतकी जीव लावणारी माणसं, पैसा, डॉक्टर असूनही हा सावरत नाही, मग माझं काय होणार? निम्म्याच्या पुढे आलेय.

आई म्हणते, "असलं वाचूच नये बाई, त्यापेक्षा हरिपाठ म्हण." नवरा म्हणतो, गोष्टच आहे ना, ठेव मिटून. दोघंही काळजीपोटीच बोलतात, पण मला नेमकं काय मिळालं होतं हे दोघांनाही कळत नाही.

पूर्ण करू की सोडू? ज्यांनी असलं दुखणं काढलंय आणि तरी जड पुस्तकं वाचतात, ते कसं निभावतात? कृपया 'पुलं वाचा' सांगू नका. वाचून पाहिलं. ज्यावर अख्खं घर खिदळायचं तिथे आपल्याला हसू येत नाही, हे फार लागतं.

– मधली_ओळ

टिळकपथकर: पुलंच सुचवायला आलो होतो, आता जीभ चावतो. :) 'श्यामची आई' आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली गेली, १९३३ साली. तीही रडवते, पण ती मिटल्यावर आईला फोन करावासा वाटतो. तुमचं पुस्तक मिटल्यावर कुणाला फोन करावासा वाटतो का? नसेल तर रात्रीचं एकटीनं वाचणं तरी थांबवा. मी जड काही असलं की सावानात (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) नेऊन वाचतो. भोवती पेपर चाळणारे आजोबा असले की माणूस फार खोल जात नाही.

जुना_रुग्ण: मला बायपोलर आहे, बरीच वर्षं झाली. ही कादंबरी दोन टप्प्यांत वाचली, मध्ये मोठा खंड पडला. कधीच बरा न होणारा नायक लिहायचा होता, असं या लेखिकेनं मुलाखतीत स्वतः सांगितलंय. म्हणजे ज्यूडला सावरू द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. त्याच्यावर कोसळणारं प्रत्येक संकट कुणीतरी टेबलाशी बसून निवडलंय. हे कळल्यावर मला लेखिकेचा रागही आला आणि सुटल्यासारखंही झालं. तो माझ्या आजाराचा रिपोर्ट वाटायचा थांबला. तुमचे गोळ्या लिहून देणारे डॉक्टर तुमचा शेवट आधी ठरवून बसलेले नाहीत.

शेवट आधी कळलेला चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगतो. मी हल्ली जड पुस्तकांचा शेवट आधीच वाचतो. मित्र हसतात, हसू देत.

कट्ट्यावरची: मी समुपदेशनाचं काम करते, पण तुम्हाला पाहिलेलं नाही, तेव्हा बेतानंच लिहिते. बधिरपणा डॉक्टरांना सांगितलाय का? नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी काही जणांच्या भावना बोथट होतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. डोस किंवा औषध बदलून पाहता येतं. स्वतःहून मात्र गोळी सोडू नका. रडू येण्यासाठी पुस्तकावर अवलंबून राहावं लागतंय, हेही तिथे सांगण्यासारखं आहे.

झोपेचं त्याहून आधी. जागरणानं नैराश्य उलटायला वेळ लागत नाही, म्हणून निदान झोप जागेवर येईपर्यंत पुस्तक कपाटात. आणि 'माझं काय होणार' हा विचार 'आपण नसलेलंच बरं' कडे वळायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. घरातल्या एकाला लगेच सांगा, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या पुस्तकांसाठी: स्टोरीग्राफ नावाच्या साइटवर कोणत्या पुस्तकात काय त्रासदायक आहे आणि किती तीव्र, हे वाचकच नोंदवतात. आधी बघून घ्या.

मधली_ओळ: सगळ्यांचे आभार. @कट्ट्यावरची, तशा विचारापर्यंत गेलेले नाही, पण नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही टाकून ठेवला. बधिरपणाचं डॉक्टरांना कधी बोलले नव्हते, मला वाटलं बरं होणं असंच असतं. उद्या फोन करून तारीख अलीकडे घेते. पुस्तक नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत गेलं.

@जुना_रुग्ण, व्यनि केलाय. शेवट सांगा, पण थोडक्यात.

आणि एक. मराठी कादंबऱ्यांसाठी अशी सूचनांची यादी आपण इथेच करूया का? बालशोषण, आत्महत्या, बाळाचा मृत्यू असं काही असेल तर पुस्तकाचं नाव आणि एक ओळ, गोष्ट न फोडता. वेगळा धागा काढू की इथेच लिहाल?