मदत हवी आहे: वसतिगृहाच्या खरकट्याचे पावसाळ्यातील कंपोस्ट आणि पाचोळ्याची साठवण

सर्वांना नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचे आवार बावीस एकरांचे असून दोन वसतिगृहांत मिळून सव्वातीनशे विद्यार्थी राहतात. मेसमधील ओला कचरा आणि आवारातील पालापाचोळा यांचे खत करण्याचे काम गेल्या दीड वर्षापासून माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात ते पार फसले. येत्या पावसाळ्यात पुन्हा तसे होऊ नये म्हणून ज्यांनी मोठ्या प्रमाणावर हे काम केले आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

सलग पंधरा दिवस मेसची पिंपे काट्यावर ठेवून नोंद केली, तेव्हा रोजचा ओला कचरा सरासरी ५० किलो भरला. त्यात भाज्यांची देठे आणि साली जेमतेम १५ किलो; बाकी सगळे शिजवलेले खरकटे, म्हणजे भात, आमटीत भिजलेल्या चपात्या आणि उसळ. पाचोळा मुख्यतः रेन ट्री, गुलमोहर, आंबा आणि वड यांचा आहे. खतासाठी १० × ६ × ३ फुटांच्या, भिंतींत भोके ठेवलेल्या दोन नाडेप टाक्या विटांत बांधून घेतल्या आहेत.

मार्चमध्ये भरलेली पहिली टाकी फार चांगली साधली. खरकट्याच्या प्रत्येक थरावर भरपूर कोरडा पाचोळा, वर शेणकाला आणि थोडी माती, असे करत गेल्यावर आतले तापमान ६१ अंश सेल्सिअसपर्यंत चढले आणि चार महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत हाती आले. जुलैमध्ये दुसरी टाकी भरायला घेतली तेव्हा मात्र कोरडे पान आवारात औषधालाही उरले नव्हते, कारण एप्रिलमध्ये झाडून काढलेला सगळा पाचोळा कंत्राटी कामगारांनी ट्रॅक्टरने बाहेर नेऊन टाकला होता. आम्ही ओले गवत घालत राहिलो. तीन आठवड्यांनी मी स्वतः काट्याने वरचा थर उकरला, तेव्हा फूटभर खाली भात आणि चपात्यांचा पांढरट, चिकट गोळा झालेला होता. पिठाच्या गोळ्यात रुतावा तसा काटा त्यात रुतत होता, आंबूस वास नाकात बसत होता आणि तापमापक ३४ अंशांच्या पुढे जात नव्हता. भोकांतून काळे पाणी पाझरून मुलींच्या वसतिगृहाच्या वाटेवर आले आणि अळ्याही त्याच वाटेने बाहेर पडू लागल्या. मेसमधील मावशींनी पिंपे तिकडे न्यायला नकार दिला. त्यांचे काहीच चुकले नाही. तो त्रास पहिल्यांदा त्यांनाच होत होता.

माझ्या मते मूळ अडचण ऋतूंच्या गणिताची आहे. आमच्याकडे पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते आणि त्यानंतर परीक्षा संपून वसतिगृह रिकामे होते. खरकटे मात्र जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सर्वांत जास्त येते, म्हणजे नेमके तेव्हाच कोरडे काहीही मिळत नाही. कर्ब-नत्र गुणोत्तर (कचऱ्यातील कर्ब नत्राच्या किती पट आहे ते) २५ ते ३० आणि ओलावा ५० ते ६० टक्के ठेवायचा असे धरून हिशेब केला, तर ५० किलो खरकट्याला साधारण २० किलो कोरडा पाचोळा लागतो. पावसाळ्याच्या सुमारे १३० दिवसांसाठी तो २,६०० किलो होतो. गोणपाटाच्या पोत्यात पायाने दाबून भरला तरी सात किलोंच्या वर बसत नाही, म्हणजे साडेतीनशेहून अधिक पोती झाली. ही पोती कोरडी कोठे ठेवायची, हा माझा पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न आहे. कडबाकुट्टी यंत्रातून पाने काढून आकारमान कमी करावे असा विचार आहे; आंब्याची आणि वडाची चिवट पाने त्यातून नीट निघतात का, धूळ किती उडते, आणि साठवलेल्या चुऱ्याला वाळवी किंवा बुरशी लागते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? जवळपास ऊस भरपूर असल्याने पाचट विकत घेता येईल, पण आवारातला पाचोळा बाहेर टाकून बाहेरचे पाचट आत आणणे मला पटत नाही.

दुसरी शंका टाकीविषयीच आहे. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही नाडेप पद्धत शेतातील काडीकचऱ्यासाठी, कमी शेणात जास्त खत व्हावे म्हणून बसवली, आणि तीत टाकी एक-दोन दिवसांत भरून शेणमातीने लिंपून टाकायची असते. आम्ही तीच टाकी रोज थोडी थोडी, तीही भिजलेल्या अन्नाने भरतो. मग शिजवलेल्या अन्नासाठी छपराखाली उघडे ढीग लावून दर तीन-चार दिवसांनी उलथणे अधिक योग्य ठरेल का? की पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या कल्पनेतून, खरकट्यावर चालणारे जे बायोगॅस संयंत्र विकसित केले, तशा संयंत्रात शिजवलेले सगळे घालून केवळ साली आणि पाचोळ्याचे कंपोस्ट करावे? रोज ५० किलो प्रमाणावर कोणी ते चालवत असल्यास सुट्टीच्या दोन महिन्यांत ते जिवंत कसे ठेवतात, हे विशेषकरून सांगावे.

तिसरा प्रश्न मिठाचा. पहिल्या टाकीतील चांगल्या दिसणाऱ्या खताची तपासणी केली, तर विद्युतवाहकता, म्हणजे खतातील क्षारांचे माप, ५.२ डेसीसायमन प्रति मीटर आली. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ती ४ पेक्षा जास्त चालत नाही. आमटी-भाजीतील मीठच त्याला कारण असावे. पिंपातील पाणी आधी निथळून घेणे, की खतात दुप्पट माती मिसळणे, यांपैकी कशाचा उपयोग झाला?

चोवीस तासांत खत करून देणारे विजेवरचे यंत्र घ्यावे, असाही एक विचार व्यवस्थापनात चालू आहे. मी अशा यंत्रातून निघालेला माल पाहिला आहे. तो वाळवलेला आणि दळलेला असतो, पुरता कुजलेला नसतो, आणि ओला केला की पुन्हा वास मारू लागतो. ज्यांच्याकडे असे यंत्र दोन वर्षांहून अधिक चालले आहे, त्यांनी त्यातील मालाचे पुढे काय केले ते लिहावे, म्हणजे माझे मत चुकीचे असेल तर मला ते बदलता येईल.

प्राचार्यांकडे प्रस्ताव जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे, कारण रेन ट्रीची पाने फेब्रुवारीत गळू लागतील आणि साठवणीची शेड तोवर उभी राहायला हवी. शेडला चारही बाजूंनी पत्रा लावावा की हवा खेळण्यासाठी जाळी, एवढे जरी कोणी आधी सांगितले तरी कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक मागवता येईल.